बत्तीस वांदरं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला मामाच्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती कळमेश्वरला असते, मी पुण्यात. ती दहावीत आहे आणि मी घरातला एकुलता एक इंजिनिअर, त्यामुळे गणित अडलं की फोन मलाच येतो. शाळेच्या पुस्तकात वर्गसमीकरणं आहेत, पण ती जाते त्या क्लासमध्ये पुढच्या वर्षांचंही आधीच उरकून घेतात. त्या दिवशीच्या शीटवर एक वक्र होता, दोन्ही बाजूंनी वर गेलेला, झोक्याच्या दोरीसारखा. खालच्या टोकाला ठिपका आणि शेजारी 'शिरोबिंदू : वजा बी भागिले दोन ए'.

"दादा, हे काऊन?"

"काय काऊन?"

"वजा बी भागिले दोन एच काऊन? सर म्हणते पाठ कर. पाठ तर झालं."

मी हसलो. सोपं होतं. म्हटलं, डेरिव्हेटिव्ह घ्यायचा, शून्य ठेवायचा, आलं उत्तर. ती माझ्याकडे बघत राहिली. "डेरिव्हेटिव्ह अजून शिकवलाच नाही."

मग मी दुसरा रस्ता शोधायला लागलो. सापडेना. चार वर्षं इंजिनिअरिंग, पाच वर्षं नोकरी, आणि नोकरीत दिवसभर जे काम चालतं त्याच्या पोटात हेच असतं : एखाद्या वक्राचा तळ शोधणं. मॉडेलची चूक मोजा, तिचा वर्ग करा, तो वर्ग कमीत कमी कुठे होतो ते बघा. मी ते एका ओळीत लायब्ररीला सांगतो आणि चहा प्यायला जातो. पण दहावीतल्या मुलीला तो तळ नेमका तिथेच का असतो हे डेरिव्हेटिव्हशिवाय सांगता येईना. "उद्या सांगतो," म्हटलं. उद्याचे दोन आठवडे झाले.

त्या दोन आठवड्यांत मी जे वाचत गेलो, ते हे.

पहिला माणूस भेटला तो ओळखीचाच. भास्कराचार्य. आपल्याकडे हे नाव इतक्या फॉरवर्डमध्ये येतं की ते दिसलं की माझा अंगठा आपोआप पुढे सरकतो. या वेळी थांबलो. त्यांनी स्वतःच्या जन्माचं साल स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवलंय : शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. गावाचं नाव विज्जलविड, सह्य पर्वताजवळचं. हे विज्जलविड नेमकं कुठलं यावर शंभर-दीडशे वर्षं भांडणं चालू आहेत, त्यात मी पडत नाही.

'बीजगणित'मध्ये एक प्रकरण आहे, त्याचं नाव 'मध्यमाहरण'. ज्यांच्या घरात कोणी सरकारी नोकरीत आहे त्यांना 'आहरण' हा शब्द माहीत असेल. 'आहरण व संवितरण अधिकारी' असा शिक्का पगाराच्या कागदांवर असतो. आहरण म्हणजे काढून घेणं. मध्यमाहरण म्हणजे मधलं काढून घेणं. वर्गसमीकरणात तीन पदं असतात : वर्गाचं, नुसत्या अव्यक्ताचं आणि साध्या संख्येचं. पहिलं आणि तिसरंच असतं तर काम सोपं होतं, वर्गमूळ काढलं की झालं. अडचण करतं ते मधलं. तेव्हा आधी त्याला बाहेर काढा. एका अख्ख्या प्रकरणाचं नाव या एका कृतीवर ठेवलंय. आपण याला 'पूर्ण वर्ग पद्धत' म्हणतो आणि परीक्षेत विचारली तरच वापरतो.

या प्रकरणात माकडांचं एक उदाहरण आहे. आमच्याकडे वांदर म्हणतात, तेव्हा मी वांदरच म्हणतो. रामटेकच्या गडावर ज्यांनी प्रसादाची पिशवी गमावली आहे त्यांना चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागणार नाही. वांदरांचा एक कळप आहे. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग केला तर जेवढी संख्या होते तेवढी वांदरं रानात खेळताहेत. उरलेली बारा टेकडीवर बसून एकमेकांशी कलकलाट करताहेत. एकूण वांदरं किती?

कळप क्ष मानू. रानातली झाली क्ष भागिले आठ, त्याचा वर्ग. त्यात बारा मिळवली की क्ष. ६४ ने गुणून छेद घालवला की :

क्ष² − ६४क्ष = −७६८

आता मधल्याचं आहरण. ६४ ची अर्धी ३२, तिचा वर्ग १०२४, तो दोन्ही बाजूंना मिळवायचा.

क्ष² − ६४क्ष + १०२४ = २५६

डावीकडे (क्ष − ३२) चा वर्ग, उजवीकडे १६ चा. म्हणजे क्ष − ३२ हे १६ तरी, नाहीतर ऋण १६ तरी. वांदरं ४८, नाहीतर १६. तपासून बघा : ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२. आणि १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२. दोन्ही बरोबर.

हे मी लोकलमध्ये नाही, ऑफिसच्या बसमध्ये फोनच्या नोट्समध्ये सोडवलं आणि मग त्या ३२ कडे बघत बसलो. हे ३२ कोण? उत्तर ४८ आहे किंवा १६ आहे. ३२ वांदरांचा कळप प्रश्नात कुठेच नाही. पण दोन्ही उत्तरं त्याच्यापासून सारख्याच अंतरावर, १६ पुढे आणि १६ मागे. आणि वजा बी भागिले दोन ए केलं तर, बी म्हणजे −६४, ए म्हणजे १, उत्तर ३२. झोक्याच्या तळाचा ठिपका तो हाच. पूर्ण वर्ग करताना आपण न सांगता त्या ठिपक्यावर जाऊन उभे राहतो आणि तिथून दोन्हीकडे सारखी पावलं मोजतो.

दोन उत्तरं येण्याबद्दल भास्कराचार्य फार सावध आहेत. नियम सांगतात, त्यात 'कधीकधी' असा शब्द घालतात. मग लगेच वांदरांचं दुसरं उदाहरण देतात : कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी वांदरं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. सोडवलं की उत्तरं येतात ५० आणि ५. यातलं ५ ते नाकारतात. कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ काढले की ऋण २. ऋण दोन वांदरं कोण मान्य करणार? वर्ग केल्यावर गणित जुळतं हे त्यांना दिसतंच. तरी ते म्हणतात की हे उत्तर घेऊ नये, लोकांना ऋण संख्येची अशी प्रतीती येत नाही. मला हा माणूस इथे फार आवडला. सूत्रातून बाहेर पडलं म्हणून उत्तर खरं, असं ते धरत नाहीत. त्या वांदरांकडे एकदा वळून बघतात.

आता फॉरवर्डवाल्यांसाठी. हे भास्कराचार्यांनी शोधलं का? नाही, आणि ते तसं म्हणतही नाहीत. समीकरणाला वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणून घ्या हा नियम ते श्रीधराचार्यांच्या नावावर देतात. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, या उल्लेखातून तो नियम राहिला. त्याआधी ६२८ मध्ये भिनमाळच्या ब्रह्मगुप्तांनी वर्गसमीकरणं सोडवली होती. आणि त्याच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधी बाबिलोनमधले लेखनिक मातीच्या ओल्या पाट्यांवर हाच खेळ करत होते : दोन संख्यांची बेरीज आणि गुणाकार दिलाय, संख्या सांगा. ते आधी बेरजेची अर्धी घेत. ती अर्धी म्हणजे पुन्हा आपला ठिपका. वक्र मात्र यातल्या कोणीच काढला नव्हता. अन्वस्त ग्रीकांना माहीत होता, पण शंकू कापल्यावर मिळणारी आकृती म्हणून. समीकरण आणि वक्र ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत हे देकार्तच्या १६३७ च्या पुस्तकानंतर रुळत गेलं. तेव्हा भास्कराचार्यांनी शिरोबिंदू शोधला असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. ते त्या बिंदूवर उभे राहून गेले आणि त्यांना तिथे बिंदू दिसण्याचं कारण नव्हतं, एवढंच म्हणता येतं.

श्रीधरांच्या नियमाने मात्र माझं काम केलं. शीटवरचं समीकरण घ्या : ए क्ष² + बी क्ष + सी. याला ४ए ने गुणा. मग बी² मिळवा आणि बी² काढा. जे येतं ते असं लिहिता येतं :

(२ए क्ष + बी)² − (बी² − ४ए सी)

दुसऱ्या कंसात क्ष नाहीच, तो जागचा हलत नाही. हलतो फक्त पहिला, आणि तो वर्ग आहे. वर्ग शून्याखाली जात नाही. म्हणजे सगळ्याचा तळ तिथे, जिथे २ए क्ष + बी शून्य होतं. क्ष बरोबर वजा बी भागिले दोन ए. (ए ऋण असेल तर वक्र उलटा होतो आणि तळाऐवजी माथा मिळतो, जागा तीच.) गंमत अशी की डेरिव्हेटिव्ह घेतला तरी हेच २ए क्ष + बी हातात येतं. मी ज्या दारातून जायला सांगत होतो त्याच्या शेजारी हे दुसरं दार होतं, आणि त्याला कुलूप नव्हतं.

हे कळल्यावर खरं तर फोन करायचा. पण दिवाळी आली होती आणि माझ्या डोक्यात आणखी एक किडा शिरला होता. पुण्याहून नागपूरला जाणारी गाडी मनमाडनंतर चाळीसगावला येते. मी वर्षानुवर्षं त्या स्टेशनावरून झोपेत गेलोय. चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या जंगलाच्या तोंडाशी, पाटण नावाची जागा आहे, पाटणादेवीसाठी लोक जातात. या वेळी मी तिथे उतरलो. डोंगराने तीन बाजूंनी धरलेलं रान, ओढा, देवीचं देऊळ. भास्कराचार्यांच्या बाबतीतला सगळ्यात भक्कम पुरावा या गावातला एक शिलालेख आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो जगासमोर आणला, १८६५ च्या एका लेखात. पुढे कीलहॉर्नने 'एपिग्राफिया इंडिका'च्या पहिल्या खंडात तो संपादित केला. लेखात भास्कराचार्यांचं घराणं दिलंय. वडील महेश्वर. मुलगा लक्ष्मीधर, ज्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव, सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. या चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला शके ११२८ मध्ये, म्हणजे १२०७ साली, दान दिलं.

इथपर्यंत संस्कृत आहे, घराण्याची स्तुती आहे, ते असतंच. मला अडवलं ते शेवटच्या भागाने. तो जुन्या मराठीत आहे. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून त्र्याऐंशी वर्षं आहेत. आणि मराठी का, तर तिथे हिशेब आहे. मठाचा खर्च कोण आणि कसा देणार ते बाजारातल्या माणसांना समजेल अशा भाषेत लिहिलंय : गिऱ्हाइकाकडून विक्रीवर किती, पोफळं किती, तेलाच्या दर घाण्यामागे पळी-पळी तेल. म्हणजे पाटणमध्ये रात्री कोणी पोरगा वांदरांचं गणित सोडवत बसला असेल तर त्याच्या दिव्यातलं तेल गावातल्या घाण्यावरून आलेलं असणार. क्लासची फी असते तशी ही फी होती, फक्त पोराच्या बापाकडून न घेता सगळ्या बाजाराकडून थोडी थोडी घेतलेली. मामाने मुलीच्या क्लाससाठी या वर्षी किती भरलेत ते मला माहीत आहे. देवळाच्या पायरीवर बसून मी बराच वेळ त्या पळीचा विचार करत होतो.

मठ राहिला नाही, पण पोथ्या फिरत राहिल्या. अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत नेली. (लीलावती नावाच्या मुलीची, घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती या फारसी भाषांतरातून. भास्कराचार्यांनी ती कुठे लिहिलेली नाही.) 'बीजगणित' १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रशीदीने फारसीत नेलं, शाहजहानसाठी. हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुकारही अताउल्लाहच. तुम्ही शाळेच्या सहलीत मकबऱ्यासमोर फोटो काढला असेल तर मध्यमाहरण माहीत असलेल्या माणसाच्या इमारतीसमोर काढलाय.

पुढची उडी इंग्रजीत, आणि तिथे मला आमचं गाव भेटलं. म्हणजे जवळजवळ. १८१७ मध्ये लंडनला 'लीलावती' आणि 'बीजगणित' थेट संस्कृतातून इंग्रजीत आणली हेन्री टॉमस कोलब्रुकने. हा कोलब्रुक १७९९ पासून १८०१ पर्यंत नागपूरला होता, दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या दरबारी कंपनीचा वकील म्हणून. नागपुरात बसून त्याने गणित केलं असा दावा मी करणार नाही. राजकारणासाठी आला होता. तरी कळमेश्वरपासून बसने तासाभराच्या अंतरावर तो दोन उन्हाळे काढून गेला, हे कळल्यावर मी घरच्या कट्ट्यावर दोन-तीन जणांना सांगितलं. "मग?" असं एकाने विचारलं. बरोबर आहे.

मग, पुढचा माणूस. मास्टर रामचंद्र. नाव ऐकून आपल्याकडचा वाटेल, पण जन्म १८२१ चा, पानिपतचा. दिल्ली कॉलेजमध्ये शिकला, तिथेच गणित शिकवायला लागला. त्याच्यासमोर अडचण होती ती शब्दशः माझीच. कमाल आणि किमान किमती शोधायला युरोपात कलनशास्त्र वापरत. त्याच्या विद्यार्थ्यांना ते येत नव्हतं. पण बीजगणित हे या देशाच्या हाडात आहे, असं त्याला वाटत होतं. मग त्याने ठरवलं की कमाल-किमानाचे सगळे प्रश्न नुसत्या समीकरणांनी सोडवून दाखवायचे. १८५० मध्ये स्वतःच्या खर्चाने कलकत्त्याला पुस्तक छापलं. तिथल्या समीक्षकांनी फारसं बरं लिहिलं नाही. पण एक प्रत लंडनला ऑगस्टस डी मॉर्गनच्या हाती पडली आणि तो चकित झाला. त्याच्या खटपटीने १८५९ मध्ये लंडनला पुस्तक पुन्हा निघालं, डी मॉर्गनच्या लांबलचक प्रस्तावनेसह. या दोन सालांच्या मध्ये १८५७ होतं. रामचंद्र ख्रिस्ती झालेला होता, त्याला लपत दिल्लीबाहेर पळावं लागलं.

त्याची युक्ती आपल्या वांदरांवर लावून बघू. बारा वांदरं टेकडीवर होती. समजा, बाराच का, जास्तीत जास्त किती असू शकतात? टेकडीवरची र मानू. समीकरण होतं :

क्ष² − ६४क्ष + ६४र = ०

मधलं काढलं की (क्ष − ३२)² = १०२४ − ६४र. उजवीकडची संख्या ऋण झाली तर वर्गमूळ नाही, म्हणजे असा कळपच नाही. तेव्हा ६४र हे १०२४ च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि र १६ च्या पुढे. नेमकं १६ असेल तेव्हा उजवीकडे शून्य उरतं, दोन उत्तरं एकमेकांत मिसळतात आणि क्ष होतो ३२. सोळा रानात, सोळा टेकडीवर. प्रश्नात कुठेच नसलेला तो बत्तिसांचा कळप इथे खरा होतो. सगळ्यात जास्त वांदरं टेकडीवर बसतात तो कळप हाच.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी मामाकडे गेलो. ती फराळाचं ताट घेऊन समोर बसली. मी वहीत पहिलं उदाहरण लिहून दिलं, उत्तर सांगितलं नाही. तिने अवयव पाडूनच सोडवलं, माझ्यापेक्षा लवकर. ४८ आणि १६. मग म्हटलं, टेकडीवर बाराच्या ऐवजी पंधरा ठेव. ४० आणि २४ आले. सोळा ठेव. ३२, एकच. तिने एक शंकरपाळं तोंडात टाकलं आणि मी काही सांगायच्या आत स्वतःच सतरा ठेवून बघितले. खोडलं. पुन्हा केलं.

"दादा, मुळात वजा येऊन राहिलं."

"मग?"

"मग सतरा वांदरं टेकडीवर बसूच शकत नाही."

ती वहीवर मागे गेली. ४८ आणि १६. ४० आणि २४. ३२. प्रत्येक जोडीच्या मधोमध पेन्सिलने एक ठिपका काढत आली, आणि तिन्ही वेळा खाली ३२ लिहिलं. शेवटच्या ३२ भोवती गोल केला. मग शीट कुठे ठेवलीय ते शोधायला आत गेली.